जीपचे पुढचे शॉकअप घरी बदलताना



सुगी आटोपली की आपण औते दुरुस्त करतो, फाळ लोहाराकडून पाजवून आणतो. पण दारातली जुनी जीप चालते आहे तोवर तिच्याकडे कोणी बघत नाही. या वेळी तिचे पुढचे शॉकअप बघू या.

आधी एक गैरसमज काढून टाकू. गाडीचे ओझे शॉकअप उचलत नाही, ते पाटे पेलतात. दबलेला पाटा उसळी मारतो. ती उसळी जिरवणे एवढेच शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते. दांडा आत-बाहेर होताना ते तेल बारीक भोकांतून जाते, म्हणून अडवणूक होते. सील झिजले की तेल गळते आणि अडवणूक संपते. मग खड्ड्यातून निघालेले चाक जमिनीवर नीट टिकत नाही, आणि अधांतरी चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? बाजाराहून परतताना त्याच गाडीत आपली मुलेबाळे असतात. म्हणून हे काम नुसत्या सुखाच्या प्रवासासाठी नव्हे.

ओळखावे कसे? नळीवर तेलाचा ओला, धूळ बसलेला थर दिसतो. खड्डा गेल्यावरही गाडीचे तोंड खाली-वर होत राहते. टायर ठिकठिकाणी झिजतो. रबरी बुश फाटले असतील तर खडखड ऐकू येते.

बदलताना दोन्ही बाजूंचे शॉकअप एकदम बदला. एक नवा, एक जुना ठेवला तर दोन्ही चाके सारखी वागत नाहीत.

पुढे पाटे असलेल्या जुन्या जीपचे हे काम घरी होते. आदल्या संध्याकाळी नट लोखंडी ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल टाका. सकाळी गाडी सपाट, कठीण जागेवर उभी करा. हातब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. पुढची चाके जमिनीवरच राहू द्या, कारण जीपखाली हात जायला जागा असते. चाक काढावेच लागले तर अॅक्सलखाली भक्कम स्टँड लावा. नुसत्या जॅकवर किंवा रचलेल्या दगड-विटांवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू नमुना म्हणून राहते, आणि वायसर व बुश कोणत्या क्रमाने आहेत ते चुकत नाही. खालचे-वरचे नट किंवा पिना काढल्या की शॉकअप निघतो. तो उभा धरून ओढा आणि दाबा. दोन्हीकडे अडवणूक लागली पाहिजे. सुळकन सरकला तर तो संपला.

नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा खाली-वर करा, म्हणजे आतली हवा निघते. गॅसचा असेल तर त्याची बांधलेली पट्टी एक टोक बसवल्यावरच कापा. चकचकीत दांडा पक्कडीने धरू नका. त्यावर ओरखडा पडला की सील फाटते. रबरी बुशला ग्रीस किंवा इंजिन तेल लावू नका, रबर फुगते. साबणाचे पाणी पुरे. पिना नव्या वापरा. आठ दिवस गाडी चालवल्यावर नट पुन्हा आवळून घ्या. जुना शॉकअप तापवू नका, त्याला भोक पाडू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे सारे पाट्यांच्या जीपसाठी आहे. दारात जुनी मारुती ८०० असेल तर हात आवरा. तिच्या पुढच्या शॉकअपभोवतीच जाड गोल स्प्रिंग दाबून बसवलेली असते. चाक उचलले तरी ती दबलेलीच राहते. स्प्रिंग दाबून धरण्याचे खास हत्यार न लावता वरचा मधला नट सोडला, तर ती सुटून हात, डोळा, प्रसंगी जीवही घेऊ शकते. तारेने किंवा दोरीने बांधून हे काम करू नये. ते गॅरेजमध्येच करून घ्यावे, आणि मग चाकांची दिशा तपासून घ्यावी. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

जीपचे काम काढाल तेव्हा मुलांना जवळ बसवून दाखवा, पण गाडीखाली मात्र जाऊ देऊ नका.