गाठींची दोरी

भाषांतर करणाऱ्याला कधी कधी एखादाच शब्द दिवसभर अडवून धरतो. ‘हूल’ हा त्यांपैकी एक. मराठीत हूल देणे म्हणजे चकवणे, आणि हूल उठली म्हणजे खोटी आवई उठली. संथाळी भाषेत मात्र हूल म्हणजे उठाव, आणि तो काही आवई नव्हे. १८५५ साली राजमहालच्या टेकड्यांत जे घडले त्याला इंग्रजी दप्तराने बंड म्हटले. संथाळ लोक त्याला आजही हूलच म्हणतात. मीही या पानावर तो शब्द तसाच ठेवला आहे. वाचकांनी त्याचा मराठी अर्थ क्षणभर बाजूला ठेवावा.

गंगा जेथे राजमहालच्या डोंगरांना वळसा घालून बंगालकडे उतरते, तेथील डोंगरपायथ्याच्या मुलखाला दामिन-इ-कोह असे फारसी नाव होते. अर्थ किती सुरेख पाहा : डोंगराचा पदर. आज हा भाग झारखंड राज्यात येतो. कंपनी सरकारने १८३२-३३ मध्ये त्याच्या हद्दी आखल्या आणि जंगल तोडून शेती करण्यास संथाळांना तेथे वसू दिले. १८३८ मध्ये तेथे त्यांची वस्ती सुमारे ३ हजार होती. १८५१ पर्यंत ती जवळजवळ ८३ हजारांवर गेली. सरकारचा वसूलही याच अवधीत सुमारे २ हजार रुपयांवरून ४४ हजारांच्या आसपास पोचला. जंगलाची शेते झाली ती या लोकांच्या कुऱ्हाडीने. पण शेत पिकू लागले, की त्याच्या बांधावर येऊन उभे राहणारेही असतातच.

बरहेट हे त्या मुलखातले बाजाराचे गाव. बाहेरून आलेले सावकार व व्यापारी तेथे दुकाने मांडून बसले. भात आणि मोहरी खरेदी करून ते गाड्या भरभरून बाहेर पाठवीत, आणि संथाळांना मीठ, तंबाखू व रोख पैसे देत. त्यांच्याकडे दोन टोपल्या असत. धान्य घेताना मापायची ती मोठी; तिचे नाव ‘केनाराम’. धान्य देताना मापायची ती लहान; तिचे नाव ‘बेचाराम’. बंगालीत केना म्हणजे विकत घेणे आणि बेचा म्हणजे विकणे, हे कळले की या नावांतला विनोद ध्यानात येतो. ज्याचे धान्य मापले जाई, त्याला मात्र या विनोदाचे हसू आले नसणार.

व्याजाचा दर शेकडा ५० पासून ५०० पर्यंत जाई, असे त्या काळच्या लेखांत नमूद आहे. फेड झाली नाही, तर कर्जदाराने ती अंगमेहनतीने फेडावी असा करार असे. बाप मेला तरी कर्ज मरत नसे; ते मुलाच्या मानेवर येई.

त्या काळची एक बारीकशी गोष्ट टिपून ठेवलेली आहे. माझ्या मनातून ती जात नाही. कर्जाचा तंटा न्यायासाठी आला, की सावकार खातेवही आणि रोजकीर्द पुढे करी. संथाळाला लिहिता येत नसे. तो गाठी मारलेली दोरी पुढे करी. जितके रुपये घेतले तितक्या गाठी, आणि मधली अंतरे म्हणजे उलटलेली वर्षे. वाचकहो, वहीत मागाहून एखादी ओळ घुसवता येते. दोरीतली गाठ तिच्या धन्याला पाठ असते. पण अडाण्याची दोरी आणि सावकाराची शाई यांत कचेरी कोणावर विश्वास ठेवील, हे सांगावयास नको.

३० जून १८५५ रोजी भोगनाडीह गावी संथाळांचा मोठा मेळा भरला. सालवृक्षाची डहाळी गावोगाव फिरवून निरोप धाडला होता. सिदो, कान्हू, चाँद आणि भैरव हे चार मुर्मू भाऊ पुढारी होते. फुलो आणि झानो या त्यांच्या बहिणींची नावेही लोकांनी जपली आहेत. ठाकुराने, म्हणजे देवाने, आपल्याला आज्ञा केली आहे असे सिदो-कान्हूंनी सांगितले. पण त्या दैवी आज्ञेतल्या मागण्या पाहाव्यात. कर जमिनीवर नको, नांगरावर असावा. व्याज अगदी हलके असावे. देवाच्या तोंडून त्यांनी वदवला तो हिशेबच.

७ जुलैला महेशलाल दत्त हा दारोगा त्यांना धरावयास आला आणि मारला गेला. तेथून वणवा पेटला. १६ जुलैला पीरपैंतीजवळ मेजर बरोजच्या तुकडीला संथाळांनी माघार घ्यावयास लावली, तीही धनुष्यबाण आणि कुऱ्हाडी घेऊन. लोहार, कुंभार, तेली, गवळी यांना त्यांनी हात लावला नाही. उलट यांतले पुष्कळजण त्यांना सामील होते. सावकारांची मात्र गय झाली नाही. पाकुडकडे एका सावकाराचे अवयव तोडताना हे चार आणे, हे आठ आणे, हे बारा आणे असे पुकारण्यात आले, आणि मान उडवल्यावर ‘फारकती’ अशी आरोळी उठली, असे वर्णन नोंदले गेले आहे. घरात मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या मासिकात हे लिहावे की नाही, असा मी विचार केला. पण ते गाळले, तर दोन टोपल्यांची गोष्ट अर्धीच सांगितल्यासारखे होईल. फारकत हा शब्द आपल्याही गहाणखतांतला आहे. क्रूरता ती क्रूरताच. तिला मी शौर्य म्हणणार नाही. मात्र त्या आरोळीत जो शब्द आला, तो सावकाराच्या दुकानात शिकलेला होता.

१० नोव्हेंबर १८५५ ला लष्करी कायदा पुकारला गेला, आणि ३ जानेवारी १८५६ ला तो उठला. मधल्या आठवड्यांत गावे जळाली, हजारो माणसे मेली. मेजर जर्विस या अधिकाऱ्याने नंतर विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्याला सांगितले, की याला युद्ध म्हणता येत नाही; नगारा वाजत असेपर्यंत ते लोक जागचे हलत नसत आणि गोळ्या झेलीत उभे राहत. सिदो आणि कान्हू दोघेही पकडले गेले व मारले गेले.

सरकारने १८५५ च्याच ३७ व्या कायद्याने संथाळ परगणा हा वेगळा जिल्हा केला. टोपल्यांचा आणि व्याजाचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. १८७२ च्या नियमाने तेथे चक्रवाढ व्याज बंद झाले, आणि एकूण व्याज मुद्दलाहून अधिक घेता येणार नाही असे ठरले. हे वाचताना मराठी माणसाला आपली दामदुपट आठवेल. तीन वर्षांनी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी कुणबी सावकारांच्या दारी जमले. तेथे माणसे मारण्याकडे कल नव्हता. त्यांनी खतपत्रे आणि वह्या मागितल्या, आणि हाती आल्या तशा रस्त्यावर आणून जाळल्या.