दिसतंय ना, मग झालं तर!

परवा कळमनुरीला गेलो होतो. मामेभाऊ भेटला. उजव्या डोळ्यानं त्याला आता फक्त उजेड कळतो.

वर्षभरापूर्वी ट्रॉलीची गंजलेली पिन छिन्नी-हातोड्यानं काढताना डोळ्यात कायतरी टोचलं. दुकानातून थेंब आणले, लाली गेली. "कचरा होता दादा, गेला निघून. दिसतंय की चांगलं," असं तो फोनवर म्हणाला. आणि मी शहाणा "बरं झालं" म्हणालो!

कचरा नव्हताच तो. पोलादाची कपची होती, बुबुळातून आत जाऊन बसलेली.

फसगत होते ती इथेच. हातोड्याच्या घावानं उडालेली कपची इतकी बारीक आणि वेगवान असते की जखम आपोआप मिटू शकते. फारसं दुखतही नाही. पण लोखंड आत गंजतं आणि डोळ्याच्या पडद्यात भिनत जातं. रात्रीचं कमी दिसू लागतं, बुबुळ तांबूस होतं. याला सायडेरोसिस म्हणतात. त्यात मेलेला पडदा परत जिवंत होत नाही.

मला राग आहे तो 'दिसतंय ना' या दोन शब्दांचा. कपची काढायची विद्या काही नवी नाही. बर्लिनच्या हिर्शबर्गनं 1879 साली विजेच्या चुंबकानं ती काढली होती. आज सीटी स्कॅनमध्ये ती सापडते. (एमआरआय मात्र नको, त्याच्या चुंबकानं कपची आत सरकते.) अडतं ते शंका घेण्यापाशी.

कुणी म्हणेल, गरिबाला गॉगल कुठला परवडायला? अहो, ग्राइंडरची चकती झिजली तर मालक त्याच दिवशी नवी आणतो ना? मग गॉगलही हत्यारांच्याच खर्चात धरा. 1948 च्या कारखाना कायद्यात खास डोळ्यांच्या रक्षणासाठी कलम 35 होतं. पण विजेवर काम चालत असलं तरी किमान दहा कामगार असले तरच तो लागू होत असे! दोन माणसांच्या शेडमधला डोळा काय कमी किमतीचा असतो?

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. लोखंडावर लोखंड मारताना डोळ्याला काही लागलं, तर चोळू नका, दाबू नका, धुऊ नका. दिसत असलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि काय करत होतात ते आपणहून सांगा.

निघताना पाहिलं, तर भाऊ पुन्हा छिन्नी धरून बसलेला. उरलेला एकच डोळा, आणि तोही उघडा! भांडलोच त्याच्याशी. वर्षभरापूर्वी फोनवर भांडायला हवं होतं.