परका प्रश्न कोणाचा?




परदेशातल्या अन्यायासाठी विद्यार्थ्यांनी अभ्यास बुडवू नये, त्यातून काहीच निष्पन्न होत नाही, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

१६ जून १९७६ रोजी वर्णभेदी राजवटीखालील दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोत पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्या शाळकरी मुलांवर. आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती नको, एवढीच त्यांची मागणी होती. ती बातमी जगभरच्या विद्यापीठांत पोचली आणि अमेरिकी विद्यार्थ्यांनी नेमका प्रश्न विचारला: आमच्या विद्यापीठाचा पैसा दक्षिण आफ्रिकेत व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांत का? एप्रिल १९८५मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या हॅमिल्टन हॉलचे दार तिथल्या विद्यार्थ्यांनी साखळ्यांनी बंद केले आणि सुमारे तीन आठवडे पायऱ्यांवर ठिय्या दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाच्या विश्वस्तांनी अशा कंपन्यांतली गुंतवणूक काढून घेण्याचे ठरवले. पुढच्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाने सुमारे ३ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीबाबत तोच निर्णय घेतला. ऑक्टोबर १९८६मध्ये तर राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकी काँग्रेसने दक्षिण आफ्रिकेवर निर्बंधांचा कायदा केला.

वर्णभेद मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या जनतेनेच हटवला. ते श्रेय दुसऱ्या कोणाचे नाही. पण १९९०मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला आलेले वर्णभेदविरोधी नेते नेल्सन मंडेला यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले संकुलातील विद्यार्थ्यांच्या लढ्याची आवर्जून दखल घेतली. त्यांना तो लढा निष्फळ वाटला नव्हता.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा