टाकी एक, तक्रार एकाच सिलिंडरची

दोन सिलिंडरच्या जुन्या मोटरसायकलीचा एकच सिलिंडर लीन चालत असेल, म्हणजे हवेच्या मानाने त्याला पेट्रोल कमी पडत असेल, तर पेट्रोलला शिव्या घालण्यात अर्थ नसतो. टाकी एकच असते. इथेनॉल डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी जात नाही. इतकी उघड गोष्ट छापायची वेळ आली ती या आठवड्यात पुण्यातल्या एका गॅरेजातून ‘ई-ट्वेंटीसाठी’, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, ‘ट्यून’ होऊन आलेल्या राजदूत ३५० मुळे. डावा प्लग पांढरा, म्हणजे लीनची खूण दाखवणारा, दिसला म्हणून तिथे दोन्ही कार्ब्युरेटरांचे मेन जेट मोठे बसवले गेले. दोन दिवसांत उजवा प्लग काजळीने भरला आणि डावा होता तसाच पांढरा राहिला. बिलावर मजुरीपुढे ‘ट्यूनिंग’ असे लिहिले होते.

इथेनॉल निर्दोष आहे असे नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला साधारण ९ किलो पुरते. २० टक्के मिश्रणाला म्हणूनच साडेतेराच्या आसपास हवा हवी असते. कार्ब्युरेटरला यातले काही कळत नाही; तो ठरल्या भोकातून ठरले तेवढेच सोडतो. त्यामुळे जुनी गाडी सात-आठ टक्के लीन होते, पण दोन्ही सिलिंडरांत सारखीच. टाकीतला गंज सुटून एखादा जेट तुंबला किंवा जुने रबर फुगून चिरले तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही दुरुस्ती त्या जेटची आणि त्या रबराची असते.

राजदूत ३५० हे एका बाजूचा दोष शोधण्याच्या तपासणीचे उत्तम उदाहरण. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून फरिदाबादला बनवलेली ही यामाहाची आरडी म्हणजे ३४७ सीसीचे हवेवर थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन. खरे तर एका क्रँकवर बसवलेली दोन इंजिने. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते, म्हणून डाव्या-उजव्याच्या खोल्या वेगळ्या आणि मध्ये सील. कार्ब्युरेटर दोन, रीड व्हॉल्व्ह दोन, पॉइंट दोन, सायलेन्सर दोन. एक बाजू बिघडली की दुसरी चांगली बाजू तिथेच, हाताच्या अंतरावर, नमुना म्हणून हजर असते. एक सिलिंडरवाल्याला हे सुख नाही. त्याला पुस्तकातल्या आकड्यांवर नाहीतर मिस्त्रीच्या आठवणीवर विसंबावे लागते. आरडीवाल्याने फक्त डावे-उजवे ताडून पाहायचे. तरीही बहुतेक गॅरेजांत दोन्ही बाजूंना एकदमच हात घातला जातो आणि तुलनेला काही उरत नाही.

ताडून पाहण्याचा पहिला नियम असा की एका वेळी एकच वस्तू बदलावी. सुरुवात प्लगपासून. डावा प्लग उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवावी. पांढरेपणा प्लगबरोबर उजवीकडे गेला तर प्लगच चुकीच्या हीट रेंजचा. डावीकडेच राहिला तर दोष इंजिनात. प्लगच्या रंगावर मात्र जुन्या काळाइतकी भिस्त ठेवू नये. २००० साली देशभर पेट्रोलमधून शिसे गेले तेव्हापासून ‘कॉफीचा रंग’ आला की सेटिंग बरोबर, हा हिशेब बिघडला आहे. आजच्या पेट्रोलवर चांगला प्लगही फिकाच दिसतो. पण दोन प्लगांतला फरक खोटे बोलत नाही. त्यानंतर पॉइंट. प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग वेगळे लावावे लागते, आणि एका बाजूची ठिणगी फार आधी पडत असेल तर तो प्लगही भाजून निघतो आणि लीनचे सोंग आणतो. टायमिंग तपासल्याशिवाय कार्ब्युरेटर उघडू नये.

मग थ्रॉटलची केबल. मुठीतून निघालेली एक केबल पुढे फुटून दोन्ही कार्ब्युरेटरांकडे जाते. मूठ हळूच पिळली की दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. एक मागे राहिली तर ती बाजू अशक्त वाटते आणि तिलाच लीन ठरवले जाते. बोट घालून पाहण्याचे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि बहुधा म्हणूनच ते बिलावर कधी दिसत नाही.

आता चोक. गाडी गरम असताना चोक थोडा ओढला आणि डावा सिलिंडर सुधारला, उजवा मात्र घुसमटला, तर डावा लीन आहे यात शंका उरत नाही. एअर स्क्रूही हेच सांगतो. मिकुनीच्या या कार्ब्युरेटरात तो हवेचा असतो, पेट्रोलचा नव्हे. आत फिरवला की मिश्रण रिच, बाहेर काढला की लीन. याच्या उलट करणारे मिस्त्री आजही भेटतात. उजवा स्क्रू दीड फेऱ्यावर खूश असेल आणि डावा पाव फेऱ्यावर आणल्याशिवाय स्लोवर टिकतच नसेल, तर डावीकडे पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवा जास्त शिरते आहे.

यातले नेमके काय, ते पुन्हा अदलाबदलीनेच कळते. या गाडीचे दोन कार्ब्युरेटर हुबेहूब सारखे नसतात, म्हणून अख्खे बदलण्याऐवजी पायलट जेट, मेन जेट आणि नीडल डाव्या-उजव्यात बदलावेत. फ्लोटची उंची दोन्हीकडे मोजावी. लीनपणा किती मुठीवर जाणवतो हेही पाहावे: पाव मुठीपर्यंत पायलट जेटचा अंमल, पाऊण मुठीपर्यंत नीडलचा, त्यापुढे मेन जेटचा. दोष जेटबरोबर उजवीकडे गेला तर जेट साफ करून विषय संपतो. तारेने भोक मोठे करणे म्हणजे साफ करणे नव्हे, हे या सदरात पूर्वी लिहून झाले आहे.

दोष जागेवरच राहिला तर सिलिंडर बाहेरून हवा घेतो आहे. मूठ सोडल्यावरही आवाज लगेच खाली न येणे ही त्याची जुनी खूण. स्लोवर गाडी चालू ठेवून मॅनिफोल्डच्या रबरावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज बदलला तर रबर चिरलेले आहे. दोन्ही मॅनिफोल्डना जोडणारी नळी विसरू नये, कारण ती गळू लागली की तुलनाच गढूळ होते.

रबर शाबूत असेल तर क्रँकचे सील. इथे डाव्या-उजव्याची सगळ्यात बोलकी तुलना मिळते. उजवे सील क्लचच्या बाजूला, तेलात बसलेले. ते गेले की इंजिन गिअरचे तेल ओढते आणि सायलेन्सरातून पांढऱ्या धुराचे लोट येतात. चुगली आपोआप होते. डावे सील मॅग्नेटमागे कोरडे. ते गेले की नुसती हवा शिरते. धूर नाही, थेंब नाही, फक्त पांढरा प्लग आणि एके दिवशी हमरस्त्यावर धरलेला पिस्टन. पिस्टन धरू नये म्हणून काहीजण टाकीत जादा टू-टी तेल ओततात. तेलाने जागा अडवली की तेवढे पेट्रोल कमी जाते आणि इंजिन आणखी लीन होते. तेलभक्तांची पत्रे पुन्हा येतील, येऊ देत.

सील तपासण्याची खात्रीची रीत म्हणजे दाब. इनटेक आणि सायलेन्सरची तोंडे बंद करून प्लगच्या भोकातून पाच-सहा पीएसआय हवा भरायची आणि सहा मिनिटे काटा पाहायचा. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगाही चालतो. २५० मिलिमीटर पारा म्हणजे जवळपास पाच पीएसआय. काटा उतरला की साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधायचे.

पुण्यातल्या त्या गाडीचे बुडबुडे मॅग्नेटमागे निघाले. सील बदलले, मेन जेट मूळ नंबरचे परत बसले, आणि आता त्याच ई-ट्वेंटीवर दोन्ही प्लग सारखे दिसतात.