आधी दम, मग वेग

पावसाळा सुरू झाला की धावणाऱ्यांच्या गटांमध्ये जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची गणितं मांडली जातात आणि त्यासोबत दरवर्षीचा वादही डोकं वर काढतो. एक बाजू म्हणते, नुसते किलोमीटर साठवून काही होत नाही, आठवड्यातून दोनदा तरी मैदानावर इंटरव्हल, म्हणजे मध्ये थोडी उसंत घेत जोरात धावायचे तुकडे, मारलेच पाहिजेत. दुसरी म्हणते, लांब पल्ल्याला मायलेज पुरे. इंटरव्हल म्हणजे दुखापतीला आमंत्रण. दोन्हीकडची माणसं मेहनती आहेत आणि दोघांकडेही सांगायला मोठी नावं आहेत. माझं मत ठाम आहे. दोन्ही लागतं, पण त्याचा क्रम ठरलेला आहे आणि प्रमाणही. आधी महिनोन् महिने हळू धावून दम कमवायचा आणि मग त्यावर थोडा वेग चढवायचा.

आधी त्या मोठ्या नावांकडेच पाहू. इंटरव्हलवाल्यांचं दैवत म्हणजे एमिल झाटोपेक. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये या चेकोस्लोव्हाकियाच्या धावपटूनं ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं जिंकली. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता. त्याचा सराव ४०० मीटरच्या तुकड्यांचा, हे खरंच आहे. पण एका दिवसात असे तुकडे तो किती करायचा, ते पाहा. चाळीस तुकडे म्हणजे १६ किलोमीटर. दोन तुकड्यांच्या मध्ये तो उभा राहत नसे, हलकं धावत राही. ते २०० मीटर धरले तर एका दिवसाचे जवळपास २४ किलोमीटर होतात. काही दिवशी तुकडे साठापर्यंत जायचे. इंटरव्हलचा हा महामेरू मायलेजमध्येही त्याच्या काळातल्या बहुतेकांच्या पुढे होता.

मायलेजवाल्यांचं दैवत न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड. ऑकलंडमधल्या आपल्या पोरांना ते आठवड्याला १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर धावायला लावत. रविवारी वायटाकेरेच्या डोंगरातला ३५ किलोमीटरचा फेरा ठरलेला. ८०० मीटर धावणारा पीटर स्नेलही त्यातून सुटला नाही. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी ३५ किलोमीटर कशाला, असं तेव्हा अनेकांना वाटे. २ सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये स्नेलनं ८०० मीटरचं आणि लिडियर्ड यांचाच दुसरा शिष्य मरे हॅलबर्गनं ५,००० मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं, तेही एकाच दुपारी. पण लिडियर्ड यांचं वेळापत्रक शेवटपर्यंत वाचलं तर पुढचे टप्पे दिसतात. मायलेजचे महिने संपले की काही आठवडे चढावरचा सराव, त्यानंतर मैदानावरचे इंटरव्हल, मग शर्यत. स्नेल शर्यतीच्या रेषेवर उभा राहायचा तेव्हा त्याच्या पायात दोन्ही असायचं.

आपल्या मातीतलं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांमध्ये ती पहिली आली. ४२ किलोमीटरची ही धावपटू त्यानंतर ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. अडथळे, पाण्याचे खड्डे आणि जवळजवळ अखंड धाप, अशी ही शर्यत. २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण आणि २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून थेट अंतिम फेरी. लांबून सुरुवात करून ती वेगाकडे आली आणि आधीची एवढी वर्षं शरीरात मुरलेली होती म्हणून हा वेग शरीरानं पेलला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांपर्यंत पोहोचला आणि त्याच अविनाशनं २०२० साली दिल्लीत १ तास ३० सेकंदांत अर्धमॅरेथॉन पूर्ण केली. दम आणि वेग एकाच शरीरात नांदतात, एकमेकांना पोसतात.

हे असं का होतं, ते शरीराकडून समजून घ्यावं. हळू धावण्याचे महिने हृदयाचा डावा कप्पा मोठा करतात आणि एकेका ठोक्याला जास्त रक्त पुढे जातं. स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारी केंद्रं, वाढतात. शरीर चरबी वापरायला सरावतं, त्यामुळे साखरेचा साठा शेवटच्या टप्प्यापर्यंत पुरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाडं आणि कंडरा कणखर होतात. हृदय काही आठवड्यांत सुधारू लागतं, हाडांना आणि कंडरांना महिने लागतात. भीज पाऊस जमिनीत मुरतो आणि विहिरीला पाणी येतं, तसं हे काम आहे. दिसत काहीच नाही, पण साठत असतं.

इंटरव्हलचं काम वेगळं आहे. तीन ते पाच मिनिटांचे जोरकस तुकडे हृदयाला त्याच्या कमाल क्षमतेजवळ नेऊन ठेवतात. एरवी आळसावलेले वेगवान स्नायुतंतू कामाला लागतात, पाऊल नेटकं पडायला लागतं, त्याच प्राणवायूत जास्त अंतर कापलं जातं. वर्षानुवर्षं तोच दहा किलोमीटरचा रस्ता त्याच वेळेत धावणाऱ्याला मी हात जोडून सांगेन, आठवड्यातला एक दिवस मैदानावर जा. वय वाढेल तशी ही कमाल क्षमता घटत जाते आणि ती टिकवायला अधूनमधून धाप लागलीच पाहिजे. पन्नाशी-साठीतल्या धावकांना तर, डॉक्टरांचा सल्ला घेऊन, इंटरव्हलची गरज तरुणांहून जास्त आहे.

पण ते करायचे कसे, याकडे लक्ष हवं. मंगळवारची पहाट, ४०० मीटरचं मैदान, ८०० मीटरचे पाच तुकडे. पहिला सुटतो तेव्हा सगळे ताजेतवाने असतात आणि गट बाणासारखा निघतो. दुसऱ्यात हसणं-बोलणं थांबतं. तिसऱ्याच्या शेवटच्या वळणावर खांदे कानांकडे चढू लागतात, मुठी आवळल्या जातात, पाऊल टाचेवर आदळायला लागतं. चौथा तुकडा पहिल्याहून वीस सेकंद मागे. पाचवा नुसता रेटलेला. असा सराव थकवतो, घडवत नाही. ज्याचा पाचवा तुकडा पहिल्याइतक्याच वेळेत होतो आणि जो अजून एक करू शकलो असतो असं वाटत घरी जातो, त्यानं सराव केला. जर्मनीत १९३०च्या दशकात वोल्डेमार गेर्शलर यांनी ही पद्धत शास्त्रशुद्ध केली, तेव्हा त्यांचं लक्ष दोन तुकड्यांमधल्या वेळेवर होतं. हृदयाचे ठोके मिनिटाला १८०च्या आसपास न्यायचे आणि दीड मिनिटात ते १२०वर आले तरच पुढचा तुकडा. आले नाहीत तर त्या दिवसाचा सराव संपला. त्यांच्या शिष्यानं, रुडॉल्फ हार्बिगनं, १९३९ साली ८०० मीटरचा १ मिनिट ४६.६ सेकंदांचा विक्रम केला, तो १६ वर्षं टिकला. आज प्रत्येकाच्या मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ आहे, पण थांबायचं कधी हे त्याला विचारणारे थोडे.

हौशी धावकांमध्ये मला सगळ्यात जास्त दिसणारी अडचण तिसरीच आहे. सोमवारचा इझी रन थोडा जोरात, बुधवारचाही थोडा जोरात, रविवारचा लाँग रन तर शेजारच्याशी शर्यत लावून. स्ट्राव्हा या धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर वेग कमी दिसू नये म्हणून सगळे दिवस एकाच अधल्यामधल्या वेगाचे. हा वेग दम वाढवायला जास्त आणि क्षमता वाढवायला कमी पडतो आणि अंगात थकवा मात्र साठवतो. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल रोवर, स्कीपटू आणि धावपटूंच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा त्यांना सुमारे ८० टक्के सराव सोपा आणि २० टक्के कठीण असं प्रमाण दिसलं. किलोमीटरमागे तीन मिनिटांहून कमी वेळ घेत मॅरेथॉन धावलेला एलिउड किपचोगे इझी रनला मिनिटभराहून जास्त हळू धावतो. त्याला हळू धावण्यात कमीपणा वाटत नाही, मग आपल्याला का वाटावा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं तर तो इझी रन. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी करायचा.

ज्यांच्याकडे आठवड्याला जेमतेम तीन तास आहेत, ते विचारतात की कमी वेळात जास्त फायदा इंटरव्हलनंच मिळतो ना? तंदुरुस्तीपुरतं किंवा पाच किलोमीटरपुरतं ते बरोबर आहे. अर्धमॅरेथॉनला मात्र शेवटचे पाच किलोमीटर परीक्षा घेतात आणि मुंबईत पेडर रोडचा चढ साधारण त्याच सुमारास समोर येतो. तिथं फुप्फुसांच्या आधी मांड्या आणि पोटऱ्या हार मानतात. पोटऱ्यांना लांब अंतराची सवय लांब अंतरच लावू शकतं. आठवड्याला २५ किलोमीटर धावणाऱ्यानं त्यातलं पाच किलोमीटरपेक्षा जास्त अंतर जोरात धावूच नये. म्हणजे वर सांगितलेले ८०० मीटरचे पाच तुकडे, आठवड्यातून एकदा, बस्स. नवख्यांनी पहिले चार-सहा महिने तेही करू नयेत. जवळ मैदान नसेल तर चढ शोधावा. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला जाणारे यवतेश्वरच्या घाटात जो सराव करतात, तो इंटरव्हलचंच काम करतो आणि चढावर वेग कमी असल्यानं पायांवर आदळआपट कमी होते. जानेवारीची शर्यत असेल तर ऑक्टोबरपर्यंत मायलेज, मग चढ, नोव्हेंबर-डिसेंबरात इंटरव्हल, शेवटचे दोन-तीन आठवडे भार उतरवायचा. लिडियर्ड यांचाच क्रम, आपल्या कॅलेंडरवर बसवलेला.

हा क्रम सगळ्यात जास्त ज्यांच्या कामाचा आहे, ती मुलं-मुली मॅरेथॉन धावतच नाहीत. गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी ही पोरं आहेत. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. अंतर कमी म्हणून रोज घड्याळ लावून जीव तोडून धावतात, तेही डांबरावर आणि झिजलेल्या बुटांत. महिन्याभरात नडगी दुखायला लागते, तरी धावतात, कारण जाहिरात केव्हाही येईल. खरं तर १,६०० मीटरलाही सुमारे चार-पंचमांश ऊर्जा प्राणवायूच्या जोरावरच येते, म्हणजे तिथंही पाया दमाचाच. हौशी धावकाची नडगी दुखावली तर एक शर्यत हुकते. यांची दुखावली तर नोकरी हुकते. ज्या अकादमी त्यांना रोज चाचणीसारखं पळवतात, त्यांनी आठवड्यातले चार दिवस मातीवर हळू धावू द्यावं आणि घड्याळ एकाच दिवशी काढावं. मुलांनीही जाहिरातीची वाट पाहू नये. वेग आणायला सहा-आठ आठवडे पुरतात, दम कमवायला महिने लागतात. म्हणून आजपासून हळू धावा.