मुक्त प्रणालीचे खुले दार

१९९३ साली इयन मरडॉक यांनी सुरू केलेली 'डेबियन' ही मुक्त संगणक कार्यप्रणाली आजही स्वयंसेवकांच्या बळावर उभी आहे. दोष कळविणे, भाषांतर, पॅकेजची देखभाल यांतून कोणालाही तिच्या विकासात सहभागी होता येते. मताधिकार मात्र ओळख पटल्यावर आणि कामाची पारख झाल्यावरच मिळतो.

या सावधगिरीचे महत्त्व मार्च २०२४ मध्ये दिसले. डेबियन वापरत असलेल्या 'एक्सझेड' या लहान प्रकल्पाचा भार प्रामुख्याने एकाच स्वयंसेवकावर होता. दोन वर्षांहून अधिक काळ त्याचा विश्वास संपादन करणाऱ्या अज्ञाताने त्यात छुपा प्रवेशमार्ग पेरला. लॉग-इनला होणाऱ्या सुमारे अर्ध्या सेकंदाच्या विलंबावरून अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो शोधला. असा भार वाटून घेणारे जाणकार वाढणे, हीच मुक्त प्रणालींची खरी गरज आहे.