मोठ्या चाकाचा हव्यास

टोयोटा आणि सुबारू या दोन जपानी कंपन्यांनी एकत्र येऊन २०१२ साली जी लहानशी स्पोर्ट्स कार बाजारात आणली, आणि जी युरोपात जीटी ८६, जपानात नुसती ८६ आणि सुबारूच्या दालनात बीआरझेड या नावांनी विकली गेली, तिच्याविषयी त्या वेळी रसिकांची एक तक्रार जवळजवळ एकमुखी होती: गाडी सुरेख, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, बैठक जमिनीलगत, स्टिअरिंग चोख, टायर मात्र अगदीच कारकुनी. तक्रार निराधार नव्हती. तिच्या १७ इंची रिमवर मिशेलिनचा जो प्रायमसी टायर येई, त्याच जातीचा आणि त्याच मापाचा टायर इंधनाच्या काटकसरीबद्दल ख्यातनाम असलेल्या प्रियस या कुटुंबवत्सल मोटारीलाही बसत असे. परंतु मुख्य अभियंते तेत्सुया तादा यांनी ही निवड कंजूषपणाने नव्हे, तर पूर्ण विचारांती केली होती. टायरची पकड जितकी जास्त, तितका गाडी घसरू लागण्याचा क्षण वरच्या वेगावर ढकलला जातो; आणि तो क्षण जर शर्यतीच्या मैदानाबाहेर कधी येणारच नसेल, तर गाडी तोल कसा सोडते व चालक तो पुन्हा कसा सावरतो, या ज्या आनंदासाठी अशी गाडी घ्यावयाची, तो आनंद सामान्य माणसाच्या वाट्याला येणार कसा, असा त्यामागचा विचार होता.

तरीही गाडी घरी आल्यावर मूळची चाके उतरवून तेथे अधिक मोठी व अधिक रुंद चाके बसविणे हा जगभरच्या मालकांचा शिरस्ताच होऊन बसला. माझे म्हणणे त्या शिरस्त्याविरुद्ध आहे. चाके बदलूच नयेत असे मात्र नव्हे. चाकाचे माप हा डोळ्यांनी ठरविण्याचा विषय नसून कागद-पेन्सिलीने ठरविण्याचा विषय आहे, आणि हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर दहांपैकी नऊ वेळा उत्तर मूळच्या मापाच्या अगदी जवळपास, कित्येकदा त्याच्या खालीही, येते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

हिशेब कठीण नाही. टायरच्या कडेवर कोरलेल्या २१५/४५ आर १७ या अक्षरांपैकी २१५ ही मिलिमीटरांतली रुंदी. ४५ ही त्या रुंदीच्या शेकडेवारीत सांगितलेली बाजूच्या रबराची, म्हणजे साइडवॉलची, उंची. आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. २१५ चे शेकडा ४५ म्हणजे सुमारे ९७ मिलिमीटर. हे वर व खाली असे दोनदा धरून त्यात १७ इंचांचे ४३२ मिलिमीटर मिळविले की चाकाची एकूण उंची सव्वासहाशे मिलिमीटर भरते. गिअरांची गुणोत्तरे, वेगाचा काटा, एबीएसची गणिते आणि मडगार्डाच्या आतली मोकळी जागा ही सारी या एका संख्येशी बांधलेली असतात, आणि म्हणूनच उत्पादक स्वतः जेव्हा रिम बदलतो तेव्हा हिला धक्का लागू देत नाही. पहिल्या ८६ च्या खालच्या श्रेणीला १६ इंची रिमवर २०५/५५ टायर होता; त्याची उंची ६३२. पुढच्या पिढीच्या जीआर ८६ मध्ये वरच्या श्रेणीला १८ इंची रिम आली, पण तिच्यावर २१५/४० टायर चढला, उंची ६२९. म्हणजे रिम दोन इंचांनी वाढली आणि चाक जागच्या जागी राहिले. आपल्या ओळखीच्या स्विफ्टमध्येही हेच दिसेल: खालच्या श्रेणीचा १६५/८० आर १४ आणि वरच्या श्रेणीचा १८५/६५ आर १५ यांच्या उंचीत पुरते दोन मिलिमीटरही अंतर नाही.

याउलट दुकानात शिल्लक आहे, दर बरा आहे आणि भरदार दिसतो, एवढ्याच आधारावर कोणी ८६ ला १८ इंची रिमवर २४५/४० टायर घेतला, तर उंची ६५३ होते, चाक शेकडा साडेचारने वाढते, आणि काटा पूर्वीइतकाच १०० वर असताना गाडी मात्र पूर्वीपेक्षा साडेचार किलोमीटर अधिक वेगाने धावत असते. वेगाच्या काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीही दाखवू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमावलीत आहे, आणि त्यासाठी उत्पादक काटा मुळातच किंचित पुढे ठेवतात. मोठा टायर ही राखून ठेवलेली शिल्लक गिळून टाकतो. शेकडा तीनच्या पलीकडे एकूण उंची जाऊ देऊ नये, आणि पुढच्या व मागच्या चाकांचे मूळ प्रमाण बिघडवू नये, हा दंडक पाळण्यास काहीच खर्च येत नाही. प्रमाण बिघडले तर कोणते चाक घसरते आहे याविषयी एबीएसची समजूत चुकते, आणि ती नेमकी निकडीच्या वेळी चुकते.

उंचीचे गणित बरेच जण करतात. रुंदीचे फार थोडे करतात, आणि खरी फजिती तेथेच होते. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि रिम हबला ज्या पृष्ठभागाने टेकते तो पृष्ठभाग, यांतील अंतराला दुकानातही ‘ऑफसेट’च म्हणतात. ८६ ची मूळ रिम ७ इंच रुंद आणि ऑफसेट अधिक ४८ मिलिमीटर. म्हणजे टेकणाऱ्या पृष्ठभागापासून रिमची बाहेरची कड सुमारे ४१ मिलिमीटर बाहेर आणि आतली कड सुमारे १३७ मिलिमीटर आत. आता ८.५ इंच रुंदीची, अधिक ३५ ऑफसेटची रिम घेतली, तर बाहेरची कड ७३ वर जाते आणि आतली १४३ वर. आतल्या बाजूने चाक शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडे केवळ सहा मिलिमीटर सरकले, बाहेर मात्र ३२ मिलिमीटर, म्हणजे चांगले सव्वा इंच आले. रुंदी दीड इंचाने वाढली असे मालकाला सांगितले जाते; त्यातील बहुतेक वाढ मडगार्डाच्या दिशेने गेली, हे कोणी सांगत नाही. चाक बाहेर गेले की स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो, हबच्या बेअरिंगवर पडणारा भार बदलतो, आणि खड्ड्यातून जाताना हातांना पूर्वी न जाणवणारे हिसके जाणवू लागतात.

आणि चाक घासते. दुकानाबाहेर एकट्याने फेरी मारली तेव्हा ते घासत नाही, म्हणून पैसे चुकते होतात. मग एखाद्या शनिवारी मागे दोन माणसे बसतात, डिकीत सामान भरते, गाडी दोन बोटे खाली बसते, गतिरोधकावरून उतरतानाच स्टिअरिंग पुरते वळविण्याचा प्रसंग येतो, आणि मडगार्डाच्या आत दुमडलेल्या पत्र्याची धार टायरच्या खांद्यावरून रबराची बारीक साल काढीत जाते. जर्मनीत चाके बदलल्यावर तांत्रिक तपासणी करणाऱ्या संस्थेकडून ती मान्य करून घ्यावी लागतात, आणि तेथील तपासनीस एक पुढचे व त्याच्या तिरप्या कोपऱ्यातले मागचे चाक उंचवट्यावर चढवून, गाडी मुद्दाम वेडीवाकडी करून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहतो. यात फार मोठी विद्या नाही. आपल्या गॅरेजात दोन जॅक आणि मागच्या बाकावर बसायला दोन धडधाकट पोरे मिळाली की हीच परीक्षा होऊ शकते, आणि ती पैसे देण्यापूर्वी व्हावी.

यानंतर येतात बोल्टांची भोके. हा भाग रूक्ष खरा, पण जिवाशी खेळ असेल तर तो येथेच. पाच बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास ८६ मध्ये १०० मिलिमीटर आहे, आणि चाकणच्या कारखान्यात वर्षानुवर्षे तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलोचाही तो तेवढाच आहे. तेव्हा एकीची रिम दुसरीला बसेल असे वरवर वाटते. परंतु हब ज्या मधल्या भोकात शिरतो ते भोक ८६ च्या रिमला ५६.१ मिलिमीटरचे आणि पोलोच्या रिमला ५७.१ चे, त्यामुळे ८६ ची रिम पोलोवर चढतच नाही, आणि पोलोची ८६ वर चढते खरी, पण एका मिलिमीटरचा सैलपणा ठेवून. हा सैलपणा वेग वाढला की स्टिअरिंगमध्ये थरथर होऊन प्रकट होतो, मालक पुनःपुन्हा बॅलन्सिंग करून घेतो, आणि दोष दुसरीकडेच असतो. योग्य मापाची हब रिंग बसविली असती तर प्रकरण तेथेच मिटले असते. शिवाय पोलोचे बोल्ट ज्या जागी टेकतात ती जागा गोलाकार खळगीची, ८६ चे नट टेकतात ती निमुळत्या शंकूची. एकाची बैठक दुसऱ्याला दिली तर नट आवळला जातो, पण टेकतो मात्र एका बारीक रेषेवर. आणखी एक गंमत अशी, की ८६ सुबारूच्या कारखान्यात बनत असल्यामुळे तिच्या नटांचे आटे १.२५ मिलिमीटरचे आहेत, तर टोयोटाच्या इतर बहुतेक गाड्यांचे १.५ चे, बोधचिन्ह एकच म्हणून नट एकच असे समजून पाना चालविणाऱ्याच्या हातून आटे गेलेच म्हणून समजावे. पाच बोल्टांचे ११२ चे वर्तुळ आणि ११४.३ चे वर्तुळ यांत ‘थोडे जमवून घेऊ’ म्हणणारा कारागीर भेटला, तर त्याच्याशी वाद न घालता गाडी काढून निघावे, हे उत्तम.

मोठ्या रिमने गाडी चांगली चालते, हा तर निव्वळ समज. रिम वाढली की धातू वाढतो, आणि तो धातू आसापासून दूर गेल्यामुळे त्याला फिरविण्यास, थांबविण्यास आणि खड्ड्यातून वर उचलण्यास अधिक बळ लागते. पहिल्या माझदा एमएक्स-५ ला १९८९ साली १८५/६० आर १४ टायर होते. लोटसच्या १९९६ च्या एलिसला पुढे १८५/५५ आर १५ आणि मागे २०५/५० आर १६. या दोन गाड्या वळणावर मंद होत्या असे आजवर कोणी म्हटलेले मी ऐकले नाही. साइडवॉलचे रबर हा तर गाडीचा पहिला शॉक अ‍ॅब्सॉर्बर: ते ९७ मिलिमीटरांवरून ७९ वर आणणारा २२५/३५ आर १९ टायर गुळगुळीत रस्त्यावर तरतरीत वाटेल, पण पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्याची धार त्याच्या रिमला बाक आणते किंवा साइडवॉलमधले दोर तोडून तेथे फुगा आणते, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर वेगवान गाडी बाळगणाऱ्यास माझा सल्ला असा, की पैसे खर्चावयाचेच असतील तर ब्रेकच्या कॅलिपरला अडणार नाही अशी एक इंच लहान, हलकी आणि मजबूत रिम घ्यावी, आणि उरलेली रक्कम चांगल्या टायरवर घालावी. टायरवरचा भाराचा आकडा व वेगाचे अक्षर, जसे ८६ वरचे ‘८७ डब्ल्यू’, म्हणजे प्रत्येक टायरला ५४५ किलो आणि ताशी २७० किलोमीटर, मूळच्यापेक्षा खाली येऊ देऊ नये.

आता कायद्याविषयी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील फेरफारांस मर्यादा घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवून दिली. परंतु खासगी मोटारीच्या नोंदणीपत्रात टायरचे माप सहसा लिहिलेले नसते, आणि त्यामुळे १४ इंचांवरून १५ वर जाणारा सालस स्विफ्टमालक आणि मडगार्डाबाहेर चार बोटे चाक काढणारा हौशी इसम हे दोघे एकाच संदिग्धतेत उभे राहतात. रस्त्यावर कोणाला अडवायचे हे समोरच्या शिपायाच्या मर्जीवर जाते, आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी हरकत घ्यायला कंपनीला आयते निमित्त मिळते. ही स्थिती मला गैर वाटते. सरसकट बंदीने हौस थांबत नाही, ती फक्त बिनहिशेबी होते. त्यापेक्षा परिवहन खात्याने दर मॉडेलमागे मान्य रिम, ऑफसेट आणि टायर यांचा तक्ता प्रसिद्ध करावा, त्यात निदान उत्पादक स्वतः त्या मॉडेलच्या कोणत्याही श्रेणीला देतो ती मापे निःसंदिग्धपणे मान्य करावीत, आणि चाक मडगार्डाबाहेर दिसत असेल तर मात्र गय करू नये.

तो तक्ता निघेपर्यंत मालकाचा आधार म्हणजे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली लहानशी पट्टी. तिच्यावर टायरचे मूळ माप व हवेचा दाब छापलेला असतो. ते माप, आणि त्याच्या जोडीला रिमची रुंदी, ऑफसेट, बोल्टांचे वर्तुळ व मधले भोक हे आकडे कागदावर टिपून घेतल्याखेरीज चाकांच्या दुकानाची पायरी चढू नये. आणि यांपैकी एकाही आकड्याला दुकानदार ‘बसून जाईल, साहेब’ असे उत्तर देऊ लागला, तर तेथे एक पैसाही देऊ नये.